माइल्ड म्हणजे नेमके किती?

जुलै २०२२ मधील गोष्ट. आपल्या संघटनेचे मासिक व्याख्यान नुकतेच संपले होते. विषय वृद्धांतील मधुमेहाचा होता. परंतु वक्त्यांच्या हाती श्रीफळ पडेपर्यंत चहाच्या टेबलाभोवतीची चर्चा मोटारींवर येऊन ठेपली होती. डॉक्टरांच्या मैफलीत मुलांचे प्रवेश, जागांचे भाव आणि नव्या गाड्या हे तीन विषय कधी शिळे होत नाहीत, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या संध्याकाळी तिसऱ्याने पहिल्या दोघांना मागे टाकले होते. कारण मारुती सुझुकीची ‘ग्रँड व्हिटारा’ येणार येणार म्हणून वर्तमानपत्रे भरून वाहत होती आणि तिच्या नावामागे ‘हायब्रीड’ हा मोहक शब्द जोडलेला होता. ११ जुलैला अकरा हजार रुपये भरून नोंदणी सुरू झाली. २० जुलैला गाडीचे दर्शन झाले. किंमत मात्र गुलदस्त्यात होती. गाडी पाहिलेली नाही, चालवलेली नाही, किंमत ठाऊक नाही. तरीही आमच्यापैकी दोघांनी पैसे भरून टाकले होते. एखाद्या औषधाच्या बाबतीत रुग्णाने असे केले असते तर आपण त्याला किती झापले असते!

त्या दोघांपैकी एक मी होतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ. आमच्या शाखेला स्वतःचे असे रुग्णालय नसते. जिथे शस्त्रक्रिया तिथे आम्ही. बेळगावातील चार-पाच नर्सिंग होम, आठवड्यातून एकदा निपाणी, आणि खानापूर तालुक्यातून केव्हाही येणारे रात्रीचे बोलावणे, असा माझा संसार गेली अनेक वर्षे मोटारीत मांडलेला आहे. मागच्या डिकीत औषधांची पेटी, लॅरिंगोस्कोप, नळ्या, एक मॉनिटर आणि लहान सिलिंडर. त्यामुळे माझ्या दृष्टीने गाडी ही हौसेची वस्तू नव्हे, ती माझ्या उपकरणांपैकीच एक. आणि उपकरणाने दगा दिला म्हणजे काय होते याचा धडा मला त्याच्या आदल्या पावसाळ्यात मिळाला होता.

रात्री पावणेदोनला खानापूरहून फोन आला. प्रसूती होऊन मूल सुखरूप होते. परंतु वार अडकून राहिली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. “सर, लगेच निघा,” एवढेच स्त्रीरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या. मी पाच मिनिटांत खाली उतरलो, किल्ली फिरवली, आणि ‘टक्’ असा एक क्षीण आवाज झाला. पुन्हा फिरवली. पुन्हा तोच आवाज. बाहेर मुसळधार पाऊस, गाडी डिझेलची, वजनदार. मी आणि वॉचमन मिळून ती ढकलत फाटकापर्यंत नेली, पण इंजिनाने दाद दिली नाही. शेवटी शेजारच्या बालरोगतज्ज्ञांचे दार वाजवून त्यांची गाडी घेतली, सामान हलवले आणि निघालो. पोहोचायला एरवीपेक्षा पस्तीस मिनिटे अधिक लागली. त्या पस्तीस मिनिटांत बाईंनी गर्भाशय हाताने दाबून धरले होते, सलाइन आणि ऑक्सिटोसिन चालू ठेवले होते, रक्ताची व्यवस्था लावली होती. रुग्ण वाचली. मला कोणी शब्दानेही दोष दिला नाही. तेच अधिक बोचले.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने बॅटरीवरची तारीख दाखवली. पाच वर्षे उलटून गेली होती. दोष गाडीचा नव्हता, माझा होता. परंतु मनुष्यस्वभाव असा, की दोष स्वतःकडे घेण्यापेक्षा नवी गाडी घेणे सोपे वाटते.

अशा मनःस्थितीत मी शोरूममध्ये गेलो. तेथील तरुण विक्रेता मोठा उत्साही होता. मी माझी कहाणी सांगताच तो म्हणाला, “दोन दोन बॅटऱ्या हाईत की डॉक्टर हिच्यात! एक गेली तर दुसरी हाय. काय काळजी करताय?” या एका वाक्यावर मी अकरा हजार भरले. हे वाक्य चुकीचे होते हे कळायला मला पुढे चार महिने लागले.

आपण रुग्णाला सांगतो, “तुमच्या हृदयाच्या झडपेतून माइल्ड गळती आहे.” रुग्ण घरी जातो तो ‘हृदय’, ‘झडप’ आणि ‘गळती’ हे तीन शब्द घेऊन, ‘माइल्ड’ तपासणीच्या टेबलावरच राहतो. मोटारीच्या बाजारात नेमके हेच घडते. ‘माइल्ड हायब्रीड’ ऐकणाऱ्याच्या कानात फक्त ‘हायब्रीड’ उरतो, आणि गाडी निम्मी विजेवर चालणार, अशी त्याची समजूत होते. वस्तुस्थिती अशी, की माइल्ड हायब्रीड गाडी केवळ विजेवर एक फूटभरही पुढे जात नाही.

मग ती करते काय? नेहमीच्या इंजिनाला एक जनित्र पट्ट्याने जोडलेले असते, ज्याला आपण आल्टरनेटर म्हणतो. माइल्ड हायब्रीडमध्ये त्याच्या जागी असे यंत्र बसवतात, की जे दोन्ही दिशांनी काम करते. वेग कमी होताना ते चाकांच्या गतीतून वीज तयार करते आणि एका छोट्या लिथियम बॅटरीत साठवते. पुढे वेग घेताना तीच वीज वापरून ते इंजिनाला क्षणभर हात देते. सिग्नलवर गाडी थांबली की इंजिन बंद होते; क्लच दाबताच हेच यंत्र ते पुन्हा सुरू करते, तेही स्टार्टरची खरखर न होता. एवढेच. लिथियम बॅटरी इतकी लहान, की पुढच्या सीटखाली मावावी.

वैद्यकीच्या पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्रात आपण महारोहिणीचे एक वैशिष्ट्य शिकलो होतो. हृदय आकुंचन पावते तेव्हा महारोहिणीची लवचीक भिंत ताणली जाते आणि ठोक्याच्या शक्तीचा काही अंश साठवून ठेवते. हृदय विसावते तेव्हा ती भिंत मूळपदावर येते आणि साठवलेली शक्ती रक्तप्रवाहाला परत देते. त्याला विंडकेसल परिणाम म्हणतात. माइल्ड हायब्रीड ही मोटारीची महारोहिणी होय. ती दुसरे हृदय नव्हे. दुसरे हृदय हवे असेल तर ‘स्ट्राँग हायब्रीड’ घ्यावी लागते. तिच्यात मोठी मोटर आणि मोठी बॅटरी असते आणि शहरातील संथ वाहतुकीत बराच काळ इंजिन बंद ठेवूनही ती गाडी चालवते. ग्रँड व्हिटारा या दोन्ही रूपांत येणार होती, आणि गोंधळाचे मूळ तिथेच होते. आमच्या चहाच्या टेबलावर कोणी एका गाडीविषयी बोलत होता, कोणी दुसऱ्या. दोघेही एकमेकांना दुजोरा देत होते.

ही कल्पना भारतात नवीन होती असेही नाही. होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रीड आयात करून विकून पाहिली होती. किंमत ऐकूनच आपण मागे सरलो होतो. मारुतीने सप्टेंबर २०१५ मध्ये सियाझच्या डिझेल गाडीत आणि पाठोपाठ अर्टिगात हे तंत्र आणले. एप्रिल २०१५ पासून केंद्र सरकारच्या फेम योजनेत अशा गाड्यांना तेरा हजार रुपयांची सवलत मिळत असे. मग कोणाच्या तरी लक्षात आले, की एवढ्याशा विजेसाठी डिझेल गाडीला सवलत देणे म्हणजे जेवणावरच्या बडीशेपेला पोषण आहार समजण्यासारखे आहे. १ एप्रिल २०१७ पासून ती बंद झाली. त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला आणि मोठ्या हायब्रीड गाड्यांवर उपकरासह ४३ टक्के कर बसला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल इंजिनच सोडून दिले. आपल्यासारख्या डिझेलवाल्यांपुढे प्रश्न पडला, तो तेव्हा. दुसरीकडे एप्रिल २०२२ पासून प्रत्येक उत्पादकाच्या एकूण गाड्यांचे सरासरी उत्सर्जन किलोमीटरला ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडपर्यंत आणणे बंधनकारक झाले होते. पेट्रोल इंजिनाच्या पोटातून थोडे थोडे वाचवण्याची ही धडपड त्यामुळे होती.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते बेळगावचे आहे. ही ग्रँड व्हिटारा विकणार मारुती, पण तयार होणार होती बेंगळुरूजवळ बिडदीला, टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात. तिची जुळी बहीण ‘अर्बन क्रूझर हायरायडर’ टोयोटाने १ जुलैलाच सादर केली होती. आणि किर्लोस्कर म्हटले की बेळगावकराला कान टवकारावेच लागतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ मध्ये याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. १८८८ मध्ये बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान थाटले. नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे तयार करण्याचा उद्योगही येथेच मूळ धरला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. किर्लोस्कर रोडवरून आपण रोज जातो, पण त्या नावामागे एक सायकलचे दुकान आहे हे नव्या पिढीला सांगावे लागते. माझे गुरुवर्य सायकलवरून व्हिजिटला जात असत. त्याच घराण्याचे नाव लावणाऱ्या कारखान्यातील गाडीसाठी त्यांच्या शिष्याने रांग लावावी, याचे मला तेव्हा अप्रूप वाटले होते. लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर त्या कंपनीचे उपाध्यक्ष होते. गाडी बाजारात आल्यावर दोनच महिन्यांनी, २९ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांचे निधन झाले.

असो. २६ सप्टेंबरला किंमत जाहीर झाली. सर्वांत साधी माइल्ड हायब्रीड १० लाख ४५ हजार, मला हवी असलेली मधली १३ लाख ८९ हजार, आणि स्ट्राँग हायब्रीडची सुरुवातच १७ लाख ९९ हजारांपासून. हे सर्व कर्नाटकचा रस्ताकर आणि विमा वगळून; तो मिळवला की आकडा ऐकून रक्तदाब मोजावा लागतो. कंपनीने जाहीर केलेले मायलेज असे: माइल्ड हायब्रीड मॅन्युअलला लिटरमागे २१.११ किलोमीटर, स्ट्राँगला २७.९७.

त्या रात्री मी प्रिस्क्रिप्शनच्या कागदाच्या मागे हिशेब मांडला. माझा वार्षिक प्रवास सुमारे अठरा हजार किलोमीटर. माइल्डला वर्षाला ८५३ लिटर पेट्रोल, स्ट्राँगला ६४४. फरक २०९ लिटर. तेव्हा पेट्रोल १०२ रुपयांच्या घरात होते, म्हणजे वर्षाला एकवीस हजारांची बचत. किमतीतला फरक चार लाख दहा हजार. एकोणीस वर्षांनी मी फायद्यात येणार होतो. तोपर्यंत मला भूल देणारा कोणी दुसराच असता. महागड्या गाडीत इतर सोयीही अधिक होत्या, हे खरे. परंतु केवळ पेट्रोल वाचवण्यासाठी कोणी ती घेणार असेल तर हा हिशेब त्याने जरूर करावा. जो दिवसभर शहरातल्या शहरात फिरतो आणि वर्षाला चाळीस हजार किलोमीटर चालवतो, त्याचे उत्तर निराळे येईल.

आणखी दोन गोष्टी होत्या. स्ट्राँग हायब्रीडची बॅटरी मागच्या बाजूला असल्याने डिकी लहान होते: ३७३ लिटरऐवजी २६५. माझी पेटी, मॉनिटर आणि सिलिंडर त्यात बसणार नव्हते. शिवाय चारही चाकांना ताकद देणारी सोय फक्त माइल्डच्या मॅन्युअल गाडीत होती. मला तिची गरज नव्हती. पण चोर्ला घाटातून पावसाळ्यात गोव्याला जाणाऱ्या आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने त्याच एका कारणासाठी ती घेतली.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. माइल्ड म्हणजे नेमके किती? २०२२ मध्ये याचे उत्तर कोणाजवळ नव्हते, कारण तुलनेसाठी तेच इंजिन हायब्रीडविना उपलब्ध नव्हते. आपल्या भाषेत सांगायचे तर चाचणीला कंट्रोल गटच नव्हता. तो पुढे अनायासे मिळाला. त्याच १४६२ सीसी इंजिनाची ब्रेझा जून २०२२ मध्ये आली होती, तीही माइल्ड हायब्रीडसह. तिच्या मॅन्युअल गाडीचे जाहीर मायलेज २०.१५. जुलै २०२३ मध्ये कंपनीने मॅन्युअल ब्रेझातून हायब्रीड यंत्रणा काढून टाकली आणि आकडा १७.३८ वर उतरला. २०२४ मध्ये वरच्या श्रेणींत ती यंत्रणा परत बसवली, आकडा १९.८९ झाला. औषध दिले, बंद केले, पुन्हा दिले. औषधाचा परिणाम सिद्ध करण्याची यापेक्षा देखणी पद्धत आपल्यालाही क्वचितच लाभते. म्हणजे परिणाम आहे, आणि तो साधारण १४ टक्क्यांचा आहे.

परंतु हा आकडा प्रयोगशाळेतला. प्रमाणित चाचणीत गाडी वारंवार थांबते, वारंवार वेग घेते, आणि हायब्रीडचा फायदा नेमका तिथेच मिळतो. रात्री दोन वाजता मोकळ्या खानापूर रस्त्यावर एका वेगाने जाणाऱ्या गाडीत ही यंत्रणा जवळजवळ रिकामीच बसून असते. चोर्ला घाट उतरताना ती वीज साठवू लागते खरी, पण पहिल्या काही वळणांतच इवलीशी बॅटरी भरते आणि उरलेल्या घाटाची सारी शक्ती ब्रेकच्या उष्णतेत जाते. उलट टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर गाडी अडकली, म्हणजे तिचे खरे राज्य.

आता त्या दोन बॅटऱ्या. नोव्हेंबरमध्ये, गाडी मिळण्याची वाट पाहत असताना, ज्या मित्राला ती आधी मिळाली होती त्याच्याकडून मी माहितीपुस्तिका मागून आणली. आपण औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचत नाही; हीही पुस्तिका बहुधा कोणी वाचत नसावे. ती वाचल्यावर, आणि ओळखीच्या मेकॅनिकला विचारल्यावर, चित्र स्पष्ट झाले. सिग्नलवर बंद झालेले गरम इंजिन पट्ट्याचे यंत्र सुरू करते. परंतु रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीचे पहिले स्टार्टिंग पूर्वीच्याच साध्या स्टार्टरने होते, आणि त्याला लागते ती पूर्वीचीच शिशाची बॅटरी. ती बसली की बसली. सीटखालची लिथियम बॅटरी तेव्हा मदतीला धावून येत नाही. उलट इंजिन वारंवार बंद-चालू होत असल्याने शिशाची बॅटरीही खास प्रकारची लागते, आणि ती महाग असते.

म्हणजे ज्या एका कारणासाठी मी ही गाडी घेत होतो, ते कारणच नव्हते. त्या रात्रीच्या पस्तीस मिनिटांवर हायब्रीड हे औषध नव्हतेच. निदान चुकले होते. सौ.ला हे सांगितले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “अहो, मग नुसती बॅटरी बदलली असती तर?” याला मी त्या वेळी उत्तर दिले नाही. अकरा हजार परत मिळत होते. दोन दिवस विचार केला आणि गाडी घेतली. जुन्या गाडीला पंधरा वर्षे होत आली होती, डिझेलचे दिवस सरले होते, डिकी मोठी होती आणि मायलेज चांगले होते. एवढी कारणे पुरेशी होती. त्यांत ‘हायब्रीड’ हा शब्द नव्हता, याचे समाधान वाटले.

गाडी २०२३ च्या संक्रांतीच्या सुमारास घरी आली. मायलेज मला शहरात पंधरा-सोळा, मोठ्या रस्त्यावर अठरा-एकोणीस मिळते. सवय व्हावी लागली ती एकाच गोष्टीची. सिग्नलवर इंजिन बंद झाले की वातानुकूलनाचा कंप्रेसरही थांबतो आणि नुसता वारा येतो. एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या रेल्वे गेटवर पाच मिनिटे थांबलो, की मागे बसलेल्या आमच्या सिस्टर विचारतात, “सर, एसी बिघडला काय?” थोड्या वेळात आतले तापमान वाढते, इंजिन आपसूक सुरू होते आणि पेट्रोलची सारी बचत गारव्यात विरघळते. ते नको असेल तर बटण दाबून यंत्रणा बंद ठेवता येते. उन्हाळ्यात मी ते दाबतो.

यानंतर बाजार बराच पुढे गेला. मारुतीची व्हिक्टोरिस २०२५ च्या सप्टेंबरात अशाच दोन्ही रूपांत आली. टोयोटाने जून २०२५ मध्ये फॉर्च्युनरच्या डिझेल गाडीलाही ४८ व्होल्टची माइल्ड यंत्रणा जोडली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची फेररचना होऊन उपकर गेला आणि मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के कर आला. आमच्या चहाच्या टेबलावर आता पुढच्या गाडीची वाट पाहणे सुरू आहे. परवा एका तरुण शल्यविशारदाने मला विचारले, “सर, माइल्ड घेऊ की स्ट्राँग?” मी त्याला वर्षाचे किलोमीटर विचारले. त्याला ते ठाऊक नव्हते.

माझ्या औषधांच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला असतो. कोणते इंजेक्शन कोणत्या महिन्यात कालबाह्य होणार, याची ती यादी. दर महिन्याच्या एक तारखेला सिस्टर ती तपासतात. अट्रोपिन, ॲड्रेनालिन, सक्सामेथोनियम अशी नावे वरून खाली येतात. सर्वांत शेवटची ओळ मी स्वतः लिहिली आहे: ‘गाडीची बॅटरी, बदलणे जानेवारी २०२७.’ सिस्टर पहिल्यांदा ती वाचून हसल्या होत्या. आता त्या तिच्यापुढेही बरोबरची खूण करतात.